उडालेले पार्टिशन : एका सेक्टरचा इतिहास

आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क नव्हती. ऑपरेटिंग सिस्टीम फ्लॉपीवरूनच चढवली जात असे. मार्च १९८३ मध्ये आलेल्या ‘एक्सटी’ या पुढच्या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसवण्यात आली आणि एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम नांदू शकाव्यात म्हणून पीसी-डॉस २.० बरोबर ‘एफडिस्क’ हा डिस्कचे विभाग, म्हणजेच पार्टिशन, पाडणारा प्रोग्रॅम देण्यात आला. चांगला चालणारा संगणक एके दिवशी सुरूच होईनासा होण्याच्या एका मोठ्या प्रकाराचे मूळ याच व्यवस्थेत आहे.

डिस्कवरील माहिती ५१२ बाइटच्या कप्प्यांत, म्हणजे सेक्टरांत, साठवली जात असे. त्यांतील अगदी पहिल्या सेक्टरला ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ (एमबीआर) म्हणतात. त्याचे पहिले ४४६ बाइट हा एक छोटा प्रोग्रॅम असतो, पुढच्या ६४ बाइटमध्ये पार्टिशनचा तक्ता, म्हणजे प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी, आणि शेवटचे दोन बाइट ही ओळखीची खूण असते. मदरबोर्डवरील चिपमध्ये राहणारा ‘बायॉस’ हा प्राथमिक प्रोग्रॅम संगणक चालू होताच हा सेक्टर मेमरीत आणतो, त्यातला छोटा प्रोग्रॅम तक्त्यातील ‘सक्रिय’ नोंद शोधतो आणि त्या पार्टिशनच्या सुरुवातीच्या सेक्टरकडे सूत्रे सोपवतो. या तक्त्याची दुसरी प्रत मात्र डिस्कवर कोठेही ठेवलेली नव्हती, आणि ही रचनाकारांची चूकच म्हटली पाहिजे. तक्ता उडाला तरी फायली जागच्या जागीच असतात. सातबारा जळाला म्हणून शेत नाहीसे होत नाही, तसेच हे. तरीही पडद्यावर ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टीम’ असा संदेश उमटला की पुष्कळ जण घाईने डिस्क फॉरमॅट करून सगळे नव्याने भरत, आणि खरे नुकसान अनेकदा तेव्हाच होई.

व्हायरसांनी हे मर्मस्थान लवकरच हेरले. १९८७ मध्ये न्यूझीलंडमध्ये उगम पावलेला ‘स्टोन्ड’ मूळ सेक्टर दुसरीकडे हलवून स्वतः त्याच्या जागी बसे. त्याच्याच वंशातला ‘मायकलअँजेलो’ ६ मार्च या तारखेला डिस्कच्या सुरुवातीचे सेक्टर पुसून टाकी, आणि १९९२ च्या मार्चमध्ये त्याच्या भीतीने जगभर गोंधळ उडाला. पुण्यात संगणक-दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी सुरुवातीला लिहिलेला व्हायरसनाशक प्रोग्रॅम याच मायकलअँजेलोवरचा होता. ‘क्विक हील’ हे त्याचे पुढचे रूप.

एमएस-डॉस ५.० पासून ‘एफडिस्क’मध्ये ‘/एमबीआर’ हा पर्याय आला, पण अधिकृत पुस्तिकेत त्याची वाच्यता नव्हती आणि दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये तो तोंडोतोंडीच पसरला. तो तक्त्याला सहसा हात न लावता फक्त छोटा प्रोग्रॅम नव्याने लिही, त्यामुळे स्टोन्डवर तो बहुधा लागू पडे. ‘मंकी’ या व्हायरसाने मात्र तक्त्यासकट मूळ सेक्टर सांकेतिक रूपात अन्यत्र लपवलेला असे, म्हणून तेथे हाच उपाय केला की व्हायरस जाई आणि त्याच्याबरोबर पार्टिशनही दिसेनाशी होत.

हरवलेला तक्ता पुन्हा मांडण्याची पद्धतशीर वाट ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘टेस्टडिस्क’ या मुक्त प्रोग्रॅमने रुळवली. प्रत्येक फाइल सिस्टीम, म्हणजे पार्टिशनच्या आत फायली मांडण्याची पद्धत, आपल्या आरंभी स्वतःची ओळख आणि आकार नोंदवून ठेवते. एनटीएफएस ही फाइल सिस्टीम तर आपल्या बूट सेक्टरची, म्हणजे पार्टिशनच्या सुरुवातीच्या सेक्टरची, प्रत पार्टिशनच्या शेवटीही राखते. टेस्टडिस्क डिस्क चाळून अशा खुणा गोळा करतो, त्यांवरून सीमा ठरवतो आणि वापरणाऱ्याने आतील फायलींची यादी पाहून होकार दिल्यावरच तक्ता लिहितो. जाणकार त्याआधी संपूर्ण डिस्कची सेक्टरागणिक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घेतात, कारण चुकीच्या जागी काही लिहिले गेले तर तेथली मूळ माहिती परत मिळवता येत नाही.

जुन्या तक्त्यात सेक्टरांची संख्या ३२ बिटांत मांडली जात असल्याने तो सुमारे दोन टेराबाइटपलीकडे जाऊ शकत नव्हता. इंटेलने इटॅनियम संगणकांसाठी बायॉसच्या जागी आखलेल्या ‘ईएफआय’ या व्यवस्थेबरोबर आलेल्या ‘जीपीटी’ या नव्या तक्त्याने ती मर्यादा ओलांडली, नोंदींची संख्या साधारणपणे १२८ वर नेली, तक्ता बिघडला आहे का हे ताडण्यासाठी पडताळणीचा आकडा ठेवला आणि डिस्कच्या शेवटी तक्त्याची दुसरी प्रतही राखली. मात्र दोन्ही प्रती एकाच डिस्कवर असल्याने ती डिस्कच निकामी झाली तर दोन्ही एकदमच जातात, आणि अशा वेळी आधी दुसरीकडे घेतलेल्या बॅकअपवाचून सहसा गत्यंतर उरत नाही.