इपॉक्सीवर किती विसंबावे? इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुलामागचा हिशेब

बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकापासून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणारा सुमारे दहा किलोमीटरचा उन्नत मार्ग जानेवारी २०१० मध्ये खुला झाला. काँक्रीटचे पोकळ खंड आधी कास्टिंग यार्डात ओतायचे, मग खांबांवर ओळीने बसवून पोलादी तारांच्या ताणाने आवळायचे, अशी ही बांधणी. अशा पुलांत दोन खंडांच्या मध्ये इपॉक्सीचा पातळ थर देण्याची रीत जगभर रूढ आहे.

तिचा उगम पॅरिसजवळचा. १९६० च्या दशकाच्या आरंभी झाँ म्युलर यांनी सीन नदीवरील श्वाझी-ल-र्वा पुलाचा प्रत्येक खंड शेजारच्या खंडालाच साचा मानून ओतवला आणि सांध्यांत इपॉक्सी भरली.

मात्र इपॉक्सी पोलादाइतकी भरवशाची नाही. दोन घटकांचे प्रमाण, हवेतील उष्मा, पृष्ठावरील ओल, मिसळणाऱ्याचा हात, सारे तिच्या ताकदीत उतरते. अमेरिकेत इलिनॉयमधील किशवॉकी पुलाच्या बांधकामात काही सांध्यांतील इपॉक्सी घट्टच झाली नाही. खंडांना अडकवणाऱ्या काँक्रीटच्या दात्यांना तडे गेले आणि सांधे पोलादी खुंट्यांनी बळकट करावे लागले.

ताकदीतील अशा विखुरलेपणाचे गणित स्वीडिश अभियंते वालोडी वायबुल यांनी १९३९ मध्येच मांडले होते. साखळी तुटते ती सर्वांत कच्च्या कडीपाशी. कड्या जितक्या अधिक, तितकी कच्ची कडी असण्याची शक्यता अधिक. चिकट सांध्यालाही हा तर्क लागू पडतो. प्रयोगशाळेतील बोटभर नमुन्याची ताकद कित्येक चौरस मीटरच्या सांध्याला सरळ लावणे म्हणूनच धोक्याचे.

१९८९ मध्ये अमेरिकी महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने खंडजोड पुलांसाठी मार्गदर्शक नियम काढले, तेव्हा ही शंका आकड्यांत उतरली. तारा काँक्रीटला पूर्ण चिकटलेल्या असतील, तर वाकण्याला तोंड देणारी गणिती ताकद इपॉक्सीच्या सांध्यासाठी ०.९५ ने गुणायची, कोरड्या सांध्यासाठी त्याहून कमी गुणकाने. हे गुणक निव्वळ संभाव्यताशास्त्राची देणगी नव्हेत; अनुभवी अभियंत्यांचा कौलही त्यांत आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. पुढे १९९४ च्या अमेरिकी पूल-संहितेत विश्वासार्हतेचा निर्देशांक ३.५ धरला गेला, म्हणजे निकामी होण्याची शक्यता दहा हजारांत साधारण दोन.

भारतात काँक्रीट पुलांसाठी मर्यादावस्थेवर आधारलेली एकत्रित संहिता, आयआरसी ११२, २०११ मध्ये आली. तोवर इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुलावरून वाहने धावू लागली होती.