अक्षहृदय आणि चिंचोके

आमच्या वऱ्हाडात पत्ते कोणी कोणाला शिकवीत नाही. पोहणे आणि खोटे बोलणे या दोन विद्यांप्रमाणे ही तिसरी विद्याही मुलाला उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी आपोआप येते. आधी गाढव-झब्बू, मग बदाम सात, मग मेंढीकोट आणि मिसरूड फुटायच्या सुमारास तीन पत्ती. या अभ्यासक्रमाला पुस्तक नाही. वार्षिक परीक्षा मात्र आहे, आणि ती पोळ्याला असते. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली जातात, आणि ते घरी परतून पुरणपोळी खाऊन झाले की कोणाच्या तरी गोठ्यामागे सतरंजी पडते. परीक्षेचा निकाल पुढच्या एक-दोन दिवसांत वर्तमानपत्रात लागतो : 'जुगारावर छापा, रोख रकमेसह ५२ ताश पत्ते जप्त'. अंधार, पळापळ, कुंपणावरून उड्या, आणि तरीही पोलिसांना पत्ते बरोबर बावन्न सापडतात. आमच्या घरच्या कॅटात शांतपणे, दिव्याखाली, चारदा मोजले तरी एक्कावन्नच भरतात.

अशा मुलखात पत्त्यांचे पुस्तक विकत आणणारा माणूस निघावा हे आश्चर्यच. आमच्या शेजारचे मास्तर गणित शिकवून निवृत्त झालेले. नागपूरला लेकीकडे गेले असता रद्दीच्या ढिगातून त्यांनी पोकर नावाच्या अमेरिकन खेळाचे एक जाडजूड पुस्तक वीस रुपयांना उचलले. मुखपृष्ठ आणि पहिली काही पाने नव्हती, त्यामुळे लेखकाचे नाव आम्हांला आजतागायत कळलेले नाही. मास्तरांनी जन्मात पैसे लावून पत्ता खेळला नव्हता. पण पुस्तकात आकडे होते, आणि आकडे दिसले की मास्तरांचे भान हरपते. पाच पत्त्यांचे एकूण हात किती होतात? २५,९८,९६०. त्यांतले एका कॅटातले सर्वांत थोर, दहापासून एक्क्यापर्यंत एकाच रंगाचे, फक्त ४. हे आकडे त्यांनी मला गॅलरीतून ओरडून सांगितले, तेव्हा मी दाढी करीत होतो.

"कमाल आहे या अमेरिकन लोकांची," मास्तर म्हणाले. "जुगाराचंसुद्धा शास्त्र केलं! आपल्याकडे नुसती बुडवाबुडवी."

एरवी मी मास्तरांशी वाद घालीत नाही, कारण ते शेवटी फळ्यासमोर उभे करतात. पण इथे वऱ्हाडाच्या अब्रूचा प्रश्न होता. पुस्तकी पद्धतीने, हिशेब शिकून जुगार जिंकल्याची एक फार जुनी नोंद महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि ती विद्या हातोहात दिली गेली ती विदर्भाच्या वाटेवर.

नळ-दमयंतीची गोष्ट आपल्याला हंसापर्यंतच पाठ असते. हंस उडाला, स्वयंवर झाले, की आपण पान मिटतो. पुढे नळ आपल्या भावाशी, पुष्कराशी, फासे खेळून सगळे राज्य घालवतो, बायकोला रानात सोडतो आणि बाहुक नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. इकडे दमयंती माहेरी. त्यांचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातले, वर्धेकाठचे कौंडिण्यपूर असे आम्ही लोक मानतो. नवऱ्याला हुडकण्यासाठी ती दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवते आणि ऋतुपर्णाचा रथ विदर्भाकडे सुसाट निघतो. वाटेत राजाचे उपरणे पडते. राजा म्हणतो, थांब. सारथी म्हणतो, महाराज, ते एक योजन मागे राहिले. हाताखालच्या माणसाने आपली विद्या दाखवली की साहेबाला आपली दाखवल्यावाचून चैन पडत नाही, हे तेव्हाही होतेच. ऋतुपर्णाने एका बेहड्याकडे बोट केले आणि चालत्या रथातून सांगितले की त्या दोन फांद्यांवर २,०९५ फळे आहेत. नळाने रथ थांबवला, झाड तोडले आणि फळे मोजली. हिशेब तंतोतंत जुळला.

हे कसे जमले? तर राजाला 'अक्षहृदय' येत होते, म्हणजे फाशांचे मर्म. नळाने घोड्यांची विद्या दिली आणि ही घेतली. फाशांची विद्या आणि झाडावरची फळे न मोजता सांगण्याची विद्या एकच, हे त्या गोष्टीत गृहीत धरले आहे. इयन हॅकिंग नावाच्या तत्त्वज्ञाने १९७५ साली संभाव्यतेच्या इतिहासावर पुस्तक लिहिले, त्यात आमच्या या बेहड्याची दखल घेतली आहे. बेहडाच का, तर जुन्या काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून टाकीत. आज ती त्रिफळा चूर्णात जातात. जुगारापासून जुलाबापर्यंतचा हा प्रवासही एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

विद्या मिळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडला आणि बेहड्यात शिरला. पुढे नळाने पुष्कराला गाठले, एकच डाव मांडला, सर्वस्व पणाला लावले आणि सगळे परत घेतले. लक्षात घ्या, एकच डाव. "चला, अजून एक होऊन जाऊ द्या" असे तो म्हणाल्याची नोंद नाही. ही सगळी कथा बृहदश्व ऋषी धर्मराजाला सांगतात आणि शेवटी त्यालाही अक्षहृदय देतात. केव्हा, तर राज्य, भाऊ आणि बायको हरून तो वनवासात आल्यावर. गाईड हातात पडले ते परीक्षा संपल्यावर! तरी त्याने ते वाया घालवले नाही. विराटाघरी कंक या नावाने त्याने फासे खेळण्याचीच नोकरी धरली.

मास्तरांनी हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पण सूत्र काय? सूत्र दिलंय का कुठं?"

सूत्र दिलेले नाही, हे खरेच. ते लिहून काढायला इटलीतला कार्दानो नावाचा वैद्य जन्मावा लागला. सोळाव्या शतकातला हा गृहस्थ वर्षानुवर्षे फासे खेळला, घरच्या चीजवस्तू गहाण टाकल्या, आणि फाशांची गणिते मांडणारे एक पुस्तक लिहिले. ते छापून आले १६६३ साली, तो मेल्यावर ८७ वर्षांनी. जुगारात सर्वांत मोठा फायदा अजिबात न खेळण्यात असतो, असे त्याने त्यात लिहून ठेवले आहे.

मास्तरांनी मग पाच पत्ते सोडून आपल्या तीन पत्तीला हात घातला. आठवडाभर त्यांच्या घरात चहा निवत होता. शेवटी वहीचे पान माझ्यापुढे आले. तीन पत्त्यांचे एकूण हात २२,१००. पैकी १६,४४० हातांत, म्हणजे शंभरांतून चौऱ्याहत्तर वेळा, ना जोडी, ना कलर, ना सिक्वेन्स. नुसती रद्दी. अमेरिकन पुस्तकात कलर सिक्वेन्सला मारतो आणि आपल्याकडे सिक्वेन्स कलरला मारतो, याचा उलगडाही झाला. तीन पत्त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. जे दुर्मीळ ते वरचे. म्हणजे आपले अडाणी जुगारी बरोबर होते. यावर मी खूश झालो, पण मास्तरांचा चेहरा गंभीर.

"एक घोर अन्याय सापडलाय," ते म्हणाले. "एकाच रंगाचे पक्के सिक्वेन्स होतात ४८. तीन सारखे पत्ते, ट्रेल, होतात ५२. म्हणजे पक्का सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे. आणि तरी आपण ट्रेल वरचा धरतो!"

हा अन्याय त्यांनी त्या वर्षी पोळ्याच्या रात्री गल्लीतल्या मंडळींपुढे मांडला. मास्तर बसणार म्हणून पैशांऐवजी चिंचोके होते. योग असा की मास्तरांच्या हाती बदामाचे नव्वी-दश्शी-गुलाम आले आणि समोरच्या पोराने तीन चौके टाकले. मास्तरांनी चिंचोके ओढून घेतले आणि कागद काढला.

"मास्तर, थो कागद ठेवा खिशात," पोरगा म्हणाला. "चिंचोके इकडं सारा."

"अरे पण बावन्न आणि अठ्ठेचाळीस..."

"असन जी. पण आपल्या इकडं टिरेलच मोठी हाय. आज्याच्या वक्तापासून."

हा पोरगा आमच्याच गल्लीतला. डी.एड. करून बसलेला, नोकरी नाही. बापाची चार एकर कोरडवाहू आणि त्यात सोयाबीन. त्याच्या डोक्यात मात्र मास्तरांचा चौऱ्याहत्तरचा आकडा घुसला. दुसऱ्या दिवशी तो वही मागायला आला. मास्तरांना धन्य वाटले. एकदा हिशेब कळला की पोरगा आपोआप सुटेल, कली बेहड्यात जाईल, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी त्याला महिनाभर शिकवले. पुस्तकाचे सार एवढेच, की बहुतेक वेळा पत्ते टाकून द्यायचे. पॅक, पॅक, पॅक, आणि चौथ्यांदा जपून चाल.

"म्हणजे शंभरात पंचवीसदाच खेळायचं?" पोरगा म्हणाला. "मंग बाकी रातभर करायचं काय?"

जुगारावरच्या साऱ्या चांगल्या पुस्तकांची हीच गोम आहे. ती जुगाराची तलाठ्याची कचेरी करून टाकतात.

पण पुस्तकांचा दुसराही एक वाण आहे, आणि त्याचा नमुनाही आमच्याच मातीतला. आमचे वाशीम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. हरिषेणानंतर एवढे मोठे राज्य पाहता पाहता कोसळले. कसे कोसळले ते ताम्रपट सांगत नाहीत. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मात्र विदर्भाच्या अनंतवर्मा नावाच्या राजाची गोष्ट येते, आणि तिच्यात वाकाटकांच्या अखेरची आठवण दडली आहे, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. त्या गोष्टीत म्हातारा मंत्री तरुण राजाला सांगतो, बाबा रे, दंडनीती शीक. मग शेजारच्या अश्मक राज्यातून चंद्रपालित नावाचा मंत्रिपुत्र येतो, बापाने हाकलून दिल्याचे सोंग करून. तो राजापुढे जुगाराचे फायदे मोजतो. पैसा गवतासारखा टाकण्याची सवय होते, म्हणून मन उदार होते. हारजीत सारखी बदलते, म्हणून माणूस सुखदुःखाच्या पलीकडे जातो. दुसऱ्याची लबाडी ओळखता ओळखता बुद्धीला धार येते. चित्त एकाग्र होते. धाडस वाढते. आजच्या पोकरच्या गुरूंनी यात काही भर घातली असेल तर ती काळ्या चष्म्याची. राजाला व्याख्यान पटले. पुढे अश्मकाच्या चिथावणीने वनवासीचा राजा चालून आला, मांडलिक फिरले, राजा मारला गेला आणि राणी दोन लेकरांना घेऊन पळाली. चंद्रपालिताला पाठवले होते ते त्यासाठीच.

२०२० च्या टाळेबंदीत गोठ्यामागच्या सतरंज्या गुंडाळल्या गेल्या आणि चंद्रपालित मोबाइलमध्ये शिरला. हा बुद्धीचा खेळ आहे, असे तो सांगू लागला. कायद्यालाही हा भेद जुना ठाऊक. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच म्हटले होते की रमीत मुख्यतः कौशल्य लागते, तीन पत्त्यांचा फ्लश म्हणजे मात्र निव्वळ नशीब. आमच्या पोराने मग तीन पत्ती सोडली, आणि मास्तरांची वही घेऊन मोबाइलवर पोकर सुरू केले. सुरुवातीला जिंकलाही. आपल्याला अक्षहृदय आले असे त्याला वाटू लागले. पण डॉयल ब्रन्सन नावाच्या ज्या टेक्ससवाल्याने १९७६ आणि १९७७ साली पोकरचे जगज्जेतेपद मिळवले, त्याने आपली सगळी विद्या पुस्तकात छापली आणि नंतर बोलून दाखवले की या पुस्तकाने आपलेच पुष्कळ नुकसान केले. समोर बसणारा प्रत्येक जण तेच वाचून येऊ लागला. नळाला पुष्कर भेटला तो अक्षहृदय न वाचलेला. मोबाइलवर पलीकडे सगळेच नळ.

आणि सर्वांच्या वर नाल. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून आपला जो वाटा काढून घेतो त्याला नाल म्हणतात. मास्तरांनी याचाही हिशेब पोराला करून दाखवला. शेकडा पाच नाल धरला आणि सगळे खेळाडू अगदी सारखे हुशार धरले, तर शंभर रुपये चौदा वेळा पटावरून फिरेपर्यंत पावणेएकोणपन्नास उरतात. बाकीचे कोणीच जिंकत नाही, ते नुसते जातात. पोराने कागद पाहिला आणि म्हणाला, "थे बरोबर हाय मास्तर, पण मी दुसऱ्यायपेक्षा हुशार हाय ना." २०२३ च्या पोळ्याला त्यांच्या दारात मातीचे बैल पुजले होते. बैलजोडी का विकली हे बापाने कोणाला सांगितले नाही आणि गल्लीने विचारले नाही. मास्तर मात्र त्या दिवसापासून वही कोणाला दाखवीनात.

२०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्याचा असो की नशिबाचा, दोन्ही बंद; रमी-फ्लशचा जुना भेद त्याने मोबाइलवर तरी मोडीत काढला. राष्ट्रपतींची सही झाली २२ ऑगस्टला, आणि त्या दिवशी पोळा होता. दिल्लीत हे कोणाच्या लक्षात आले असेल असे वाटत नाही.

त्या रात्री पोरगा मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चिंचोके हायत का जी घरात?" मास्तरांनी डबा काढला. बापही आला, मीही बसलो. नाल नव्हता. पोराने पत्ते उचलले, पाहिले, टाकले. उचलले, पाहिले, टाकले. मास्तर दर वेळी मान डोलावत होते. साडेअकराच्या सुमारास मास्तरांच्या हाती पुन्हा पक्का सिक्वेन्स आला आणि त्यांनी एकशे चाळीस चिंचोके लावले. बापाने तीन दुर्र्या टाकल्या.

"अठ्ठेचाळीस आणि बावन्न," मास्तर पुटपुटले, आणि त्यांनी डबा बापाकडे सरकवला.