श्वापदाचा अंक आणि संत इरेनियस

प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायाच्या अखेरीस संत योहान श्वापदाचें नांव सांगत नाहींत. त्याच्या नांवाचा अंक तेवढा देतात: ६६६. ख्रिस्तविरोधक हा शब्दहि तेथलाच असावा, असें पुष्कळांस वाटतें. परंतु तो प्रकटीकरणांत कोठेंहि नाहीं; तो योहानाच्या पत्रांतला आहे.

ग्रीक लोक अक्षरांनींच अंक लिहीत. आल्फा म्हणजे १, इओटा म्हणजे १०. त्यामुळें कोणत्याहि नांवाची बेरीज करितां येई. इ. स. ७९ सालीं राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई नगराच्या एका भिंतीवर कोणा प्रेमिकानें आपल्या प्रियेचें नांव न लिहितां तिचा अंक ५४५ एवढाच लिहून ठेविला आहे. येशूच्या ग्रीक नांवाची बेरीज ८८८ भरते. नांवावरून अंक काढणें सोपें. अंकावरून नांव काढणें मात्र कठीण, कारण एकाच बेरजेचीं नांवें अनेक सांपडतात.

ही अडचण लियोंचे बिशप संत इरेनियस यांनीं इ. स. १८० च्या सुमारास ओळखिली होती. लहानपणीं त्यांनीं संत पॉलिकार्प यांचें प्रवचन ऐकिलें होतें. पाखंडांविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथाच्या पांचव्या भागांत ते ६६६ भरणारीं तीन नांवें देतात: एव्हांथास, लातेइनोस आणि तेइतान. लातेइनोस म्हणजे लातिन. त्या काळीं राज्यहि लातिन लोकांचेंच होतें. तेइतान त्यांस अधिक संभवनीय वाटे. तरीहि निर्णय देण्याचें ते नाकारितात. नांव त्याच काळीं उघड करणें इष्ट असतें, तर ज्यांनीं दर्शन पाहिलें त्यांनींच तें सांगितलें असतें. आणि दर्शन तर दोमितियनाच्या राज्याच्या अखेरचें, म्हणजे फार जुनें नव्हे. शिवाय खोटी खूण मनांत धरून बसलेल्यास खरा शत्रु आला तरी ओळखूं येणार नाहीं.

कांहीं प्रतींत ६१६ असा पाठ होता. तो त्यांनीं नकलनविसांची चूक ठरविला. इजिप्तमधील ऑक्सिरिंखस येथें सांपडलेल्या व १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पपायरसाच्या तुकड्यावर नेमका ६१६ हाच अंक आहे. 'नेरोन कैसर' हें नांव हिब्रू अक्षरांत मांडिल्यास ६६६ येतात. शेवटचा न गाळिल्यास ६१६. म्हणून आज बहुतेक विद्वान् नेरो बादशहाकडेच बोट दाखवितात, आणि आम्हांसहि तें पटतें. इरेनियस मात्र नेरोचें नांव काढीत नाहींत.

त्यांचा संयम पुढें कोणीं पाळिला? १५३२ सालीं मिखाएल स्टीफेल या ल्यूथरपंथी पाळकानें दहाव्या लिओ पोपांच्या नांवांतून, एक अक्षर गाळून व एक घालून, ६६६ काढिले. आमच्या बाजूस बेर्गामोच्या पिएत्रो बोंगो यांनीं ल्यूथरच्या नांवाचें रूप थोडें बदलून तोच अंक जुळविला. बेरीज दोघांचीहि बरोबर! स्टीफेलनें पुढें १९ ऑक्टोबर १५३३ हा जगाच्या अंताचा दिवस जाहीर केला, व तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला.

इरेनियस यांस २०२२ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केलें, आणि त्यांस 'ऐक्याचे आचार्य' ही पदवी दिली.