जेरिको कीं उरुक?

जगांतील सर्वांत प्राचीन नगर कोणतें, या प्रश्नास आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें 'जेरिको' असें एका शब्दांत उत्तर देत आलों. तें आतां मागें घेणें आम्हांस प्राप्त आहे.

जेरिकोच्या प्राचीनत्वाविषयीं वाद नाहीं. कॅथलीन केन्यन यांनीं १९५२ ते १९५८ या कालांत केलेल्या उत्खननांत तेथें दगडी तट व सुमारें ८॥ मीटर उंचीचा बुरूज आढळला. त्याच्या पोटांत जिनाहि आहे. काल इ. स. पू. ८००० च्या सुमाराचा. परंतु तट म्हणजे नगर नव्हे. अमरकोशांत पुरी व नगरी हे पर्याय आहेत खरे. तथापि ऋग्वेदांतील 'पुर्' हा शब्द मुख्यतः तटबंदीचा वाचक आहे. आमची चूक या पर्यायांतूनच उद्भवली. (कोश पाठ असण्याचे तोटेहि असतात!)

दक्षिण इराकांतील उरुकची गोष्ट निराळी. इ. स. पू. चवथ्या सहस्रकाच्या अखेरीस त्याचा विस्तार सुमारें २५० हेक्टर होता. तेथील मृत्फलकांवर जव, मेंढरें व मजुरांचा शिधा यांचे हिशेब आहेत, आणि अधिकारी व व्यवसाय यांची यादीहि आहे. असे हिशेब लिहून ठेवण्याची गरज जेरिकोस कधीं पडली नव्हती. म्हणून आमचें मत उरुकच्या बाजूस.

एक शंका मात्र उरते. ईशान्य सीरियांतील तेल ब्राक या वस्तीच्या वाढीस उरुकच्याहि आधीं आरंभ झाला असावा, असें कांहीं संशोधक मानतात. तिसऱ्या सहस्रकांतील लेखांत तिचें नांव 'नगर' असें येतें. वाचकांनीं हुरळून जाऊं नये. तें केवळ ध्वनिसाम्य आहे.