द्राक्षांचे गाव आणि चाकांवरचे घर

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम-मध्य भागात हिमनद्यांनी कोरलेली अकरा लांबट सरोवरे हाताच्या बोटांसारखी उत्तर-दक्षिण पसरलेली असून, त्यांवरूनच या प्रदेशाला ‘फिंगर लेक्स’ हे नाव पडले. निवृत्तीनंतर ‘आरव्ही’, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि नहाणीची सोय असलेले चाकांवरचे घर, घेऊन निघालेली जोडपी येथील राज्य उद्यानांत मुक्काम करतात, वायनरीत वाइन चाखतात आणि आसपासची गावे पाहतात. या दिनक्रमातील वाइन व गाडी यांच्या पूर्वेतिहासाचे धागे क्यूका सरोवराकाठच्या हॅमंड्सपोर्ट या लहानशा गावी एकत्र येतात.

तेथील धर्मोपदेशक विल्यम बोस्टविक यांनी १८२९ मध्ये द्राक्षवेली लावल्या, असे सांगून इतिहासाला प्रारंभ करण्याची प्रथा आहे. परंतु ती अपुरी होय, कारण सेनेका आणि कायुगा ही सरोवरे ज्या मूळ रहिवाशांच्या नावांनी ओळखली जातात, त्यांची गावे, मक्याची शेते आणि फळबागा अमेरिकन सैन्याने १७७९ मध्येच जाळून टाकल्या होत्या. पुढे १८६० मध्ये हॅमंड्सपोर्टजवळ ‘प्लेझंट व्हॅली वाइन कंपनी’ स्थापन झाली. खोल सरोवरांचे पाणी उन्हाळ्यातील उष्णता साठवून थंडीत हळूहळू सोडत असल्याने काठच्या उतारांवर वेली तगत. तरीही युरोपीय जाती येथील हिवाळ्यात मरतात, असा समज असल्यामुळे उग्र वासाच्या स्थानिक जातींवरच भर राहिला. मूळच्या युक्रेनच्या आणि १९५१ मध्ये अमेरिकेत आलेल्या कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी दोष थंडीचा नसून खुंटाचा आहे, असे आग्रहाने मांडले (कलम ज्या मुळावर बांधतात तो खुंट, नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना हा शब्द नवा नाही), आणि १९६२ मध्ये स्वतःची वायनरी काढून रिस्लिंगसारख्या युरोपीय द्राक्षांची वाइन सिद्ध करून दाखविली. मात्र वाटसरूला शेतातच वाइन चाखता येऊ लागली, याचे श्रेय १९७६ च्या ‘फार्म वायनरी’ कायद्याला अधिक जाते, कारण त्यामुळे लहान बागायतदारालाही स्वतःच्या द्राक्षांची वाइन करून थेट ग्राहकाला विकणे परवडू लागले.

उद्यानांची कथा निराळी आहे. वॉटकिन्स ग्लेनची एकोणीस धबधब्यांची घळ १८६३ मध्ये खासगी पर्यटनस्थळ म्हणून खुली झाली, १९०६ मध्ये राज्याने ती विकत घेतली, आणि १९३५ च्या महापुरानंतर मंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेवरील तरुणांनी तेथील वाटा स्थानिक दगडात, कड्याशी एकजीव दिसतील अशा, नव्याने बांधल्या.

राहिली गाडी. हॅमंड्सपोर्टचेच सुपुत्र ग्लेन कर्टिस यांनी सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून ४ जुलै १९०८ रोजी ‘जून बग’ हे विमान गावाजवळच्या दरीत जाहीरपणे उडविले; परंतु त्यांचे ‘एरोकार’ हे फिरते घर तुलनेने विस्मृतीत गेले. फ्लोरिडात राहावयास गेल्यानंतर, १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बनविलेल्या या गाडीचा सांगाडा विमानासारखा हलका होता, आणि घराचा पुढचा भार मोटारीच्या मागच्या भागात आडव्या बसविलेल्या, हवा भरलेल्या टायरवर टेकत असल्यामुळे रस्त्याचे धक्के आत फारसे पोहोचत नसत. उद्यानांच्या तळांवर आज दिसणाऱ्या ‘फिफ्थ व्हील’ गाड्यांमध्ये तो टायर जाऊन पोलादी तबकडी आली असली, तरी घराचे पुढचे टोक अद्याप ओढणाऱ्या वाहनाच्या पाठीवरच विसावते.