परभाषा आणि सोंग

प्रौढ मनुष्यास परभाषा अवघड जाते ती व्याकरणामुळे कमी आणि लज्जेमुळे अधिक. मूल बोलताना चुकले तर घरात कौतुक होते; अधिकाराच्या खुर्चीवरील गृहस्थ चुकला तर पट्टेवालाही गालात हसतो. म्हणून तो दुभाष्यास पुढे करतो, आणि रयतेचे गाऱ्हाणे त्याच्या कानी पडेपर्यंत अर्धे उरते. ही अडचण जुनी आहे, तसे तिच्यावरील उपायही जुने आहेत.

दिल्लीहून जयपूरकडे जाताना लागणारे मानेसर आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. हा गुडगावकडील मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंद्यांच्या सत्तेच्या कक्षेत होता. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने तो इंग्रजांकडे गेला. तहाने मुलूख मिळतो, भाषा मिळत नाही. ती शिकावीच लागते.

कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांस देशी भाषा शिकविण्यासाठी कलकत्त्यास १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज निघाले होते. तेथे विल्यम केरी मराठीही शिकवीत. पंडित वैजनाथ शर्मा त्यांचे साहाय्यक. केरींचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यास त्यांनी नित्याच्या विषयांवरील संवाद जोडले. त्याआधी १८०१ च्या ‘कथोपकथन’ या बंगाली संवादपुस्तकात तर बायकांच्या भांडणासही त्यांनी स्थान दिले होते. असे संवाद म्हणणारा साहेब घटकाभर कुळाच्या किंवा कोळ्याच्या तोंडाने बोलतो. सोंगात झालेल्या चुकीने कोणाची अब्रू जात नाही, हे या पद्धतीचे मर्म होय.

आपल्याकडे शिवकालीन राजव्यवहारकोशाने निराळी वाट धरली. दरबारातील फार्सी शब्दांचे संस्कृत प्रतिशब्द त्यात श्लोकबद्ध आहेत. लयीमुळे शब्द स्मरणात राहतात हे खरे. परंतु चारचौघांत तोंड उघडण्याचे धैर्य पाठांतराने येत नाही. ते संवादाच्या खेळाने येते. अर्थात खेळाने व्याकरणाची गरज सरत नाही. केरींचे संवादही व्याकरणाच्या पाठीशीच होते.

आज मानेसरात राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्र आहे. हिंदी व इंग्रजी वाचताना मेंदूत काय घडते, याचाही अभ्यास तेथे झाला आहे. लज्जेवरचा उपाय मात्र आपल्याच हाती आहे. हिंदी आपणांस येतेच, असे आपण मराठी मंडळी धरून चालतो. अहीरवालातील बोली कानी पडली की तो भ्रम ओसरतो. तेव्हा सुटीच्या दिवशी शेजाऱ्यांस बोलवावे. एकाने भाजीवाला व्हावे, एकाने अर्जदार. आपण त्यांच्या बोलीत घासाघीस करावी, त्यांनी मराठीत. दोन्ही बाजूंनी चुका होतील आणि हसूही होईल. पुढे खरा अर्जदार कचेरीत आला, तर त्याच्याशी दुभाष्यावाचून दोन शब्द बोलता येतील.