फलज्योतिषाची सांख्यिकीय कसोटी (पुणे, २००८)

ग्रहस्थितीवरून माणसाची बुद्धी, स्वभाव किंवा भवितव्य सांगता येते, या फलज्योतिषाच्या दाव्याची महाराष्ट्रात नियंत्रित पद्धतीने घेतलेली परीक्षा. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी ती आखली आणि तिचा निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विद्यापीठांतून ‘ज्योतिर्विज्ञान’ शिकवण्याचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २००१ सालचा निर्णय आणि त्यावर झालेला वाद ही तिची पार्श्वभूमी होय. या वादात दोन्ही बाजूंनी मते पुष्कळ मांडली गेली. पुरावा मात्र कोणी फारसा मागितला नव्हता.

कसोटीसाठी बुद्धिमत्तेचा निकष निवडण्यामागे कारण होते. कुंडलीवरून जातकाचा, म्हणजे ज्याची पत्रिका आहे त्या व्यक्तीचा, बौद्धिक वकूब कळतो असे ज्योतिषी सांगतात, आणि शालेय कामगिरी किंवा विशेष शाळेतील नोंदी यांवरून तो वकूब स्वतंत्रपणे पडताळूनही पाहता येतो. ‘मानसिक चिंता संभवते’ यासारखे विधान कोणालाही लागू पडते, त्यामुळे ते खोटे ठरूच शकत नाही; ‘हुशार की मतिमंद’ (हा त्या काळचा शब्द) या प्रश्नाला तशी पळवाट नसते. समितीच्या कार्यकर्त्यांनी १०० हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुले यांची जन्मतारीख, जन्मवेळ व जन्मस्थळ यांची माहिती गोळा केली आणि त्यावरून कुंडल्या तयार करण्यात आल्या. पत्रिकांना सांकेतिक क्रमांक देऊन त्यांचे वाटप अशा रीतीने झाले की कोणती पत्रिका कोणत्या गटातील आहे हे उत्तर देणाऱ्याला कळू नये आणि त्याच्याशी संपर्क ठेवणाऱ्यालाही ठाऊक नसावे. या व्यवस्थेला ‘दुहेरी अंध’ पद्धत म्हणतात. नकळत मिळणारी सूचना, चेहऱ्यावरचे भाव आणि आपल्याला हवे तसे अर्थ लावण्याची वृत्ती यांना तीत वाव उरत नाही. ज्योतिष्याच्या बैठकीत या तिन्ही गोष्टी भरपूर असतात, हे येथे सांगायला हवे.

प्रत्येक ज्योतिष्याला ४० पत्रिका देण्यात आल्या. डोळे मिटून उत्तरे दिली तरी सरासरी २० बरोबर येतील, म्हणून यशाची मर्यादा २८ अचूक उत्तरे, म्हणजे ७० टक्के, अशी आधीच ठरवली होती. निव्वळ योगायोगाने ती गाठण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. ज्योतिष्यांच्या एका संघटनेने बहिष्काराचे आवाहन केले, तरी ५१ जणांनी पत्रिका मागवून घेतल्या. त्यांपैकी २७ जणांनी उत्तरे पाठवली. २८चा टप्पा कोणीही गाठला नाही. सर्वाधिक अचूक उत्तरे २४ होती आणि सर्वांची सरासरी २०च्याही खाली राहिली. २४ हा आकडा वरवर चांगला वाटतो, पण २७ जणांनी केवळ नाणेफेक केली असती तरी तीन-चार जण तिथवर सहज पोहोचले असते. एका ज्योतिषसंस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

हा निष्कर्ष अनपेक्षित नव्हता. अमेरिकेत शॉन कार्लसन यांनी पाश्चात्त्य ज्योतिष्यांच्या सहकार्याने घेतलेली दुहेरी अंध चाचणी १९८५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली होती. तीत एका कुंडलीसाठी तीन व्यक्तिमत्त्व-आलेखांतून योग्य आलेख ओळखायचा होता आणि तेथेही यश साधारण एकतृतीयांश, म्हणजे योगायोगाइतकेच होते.

अशा कसोट्यांवर जन्मवेळ बिनचूक नसते, केवळ पत्रिका पुरत नाही, जातक समोर असावा लागतो, असे आक्षेप घेतले जातात. ते विचारात घेण्यासारखे असले तरी निकालानंतर पुढे केल्यास त्यांचे वजन उरत नाही, कारण दावा करणाऱ्यानेच तो कोणत्या अटींवर खरा ठरतो हे आधी सांगावे आणि पुराव्याचा भारही त्यानेच उचलावा, अशी वैज्ञानिक व्यवहाराची रीत आहे. पुण्याच्या कसोटीला मर्यादा आहेत: सहभागी ज्योतिषी स्वेच्छेने आलेले व संख्येने थोडे होते, आणि तपासला गेला तो एकच दावा. विवाहयोग, मृत्युयोग किंवा मुहूर्त यांविषयी ती काही सांगत नाही. बुद्धिमत्तेपुरता मात्र या २७ जणांचा दावा तिच्यात टिकला नाही.